हौदाची भिंत

फार पूर्वी एका राजानं किनाऱ्यावर हौद बांधून त्यात डॉल्फिन ठेवला होता. तो उंच उडी मारायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि हौदाची भिंत ऐटीत म्हणायची, “माझ्यामुळे नाव झालं तुझं!”

एकदा डॉल्फिन म्हणाला, “अगं, तुझ्यापलीकडे माझी आई दिसते का, ते बघायला मी उडी मारतो.”

पुढच्या उधाणाला भिंतीनं लाटांपुढे अंग सैल सोडलं आणि तिचे मधले दगड ढासळले.

सकाळी हौद रिकामा होता. दूर समुद्रात दोन डॉल्फिन जोडीनं उसळत होते. राजानं गवंड्याला बोलावलं. गवंडी समुद्राकडे बघत म्हणाला, “महाराज, ही भिंत काही पुन्हा उभी राहायची नाही.”

स्वतःबद्दल इतकं चांगलं भिंतीनं पहिल्यांदाच ऐकलं.