चिंधीची घोटाई

कागद हातानंच बनायचा, त्या काळची गोष्ट. धोतराची एक चिंधी कागदाच्या कारखान्यात आली. "खळ, घोटाई म्हणजे काय हो?" तिनं पाण्याच्या हौदाला भीतभीत विचारलं.

"सांगून कळायचं नाही, बाई. सोसलंस की कळेल."

कुटून कुटून तिचा लगदा झाला. चाळणीवर पसरून, वाळून कोरा ताव झाला. मग अंगावर पेजेची खळ चढली आणि वर गुळगुळीत दगडानं घोटाई! शेजारचा ताव मात्र "पुरे झाले हाल!" म्हणत खळीआधीच गठ्ठ्याखाली लपला.

लेखनिकानं दोघांवर बोरू टेकवला. शेजाऱ्यावर शाई फुटली. तो पुन्हा हौदात गेला. चिंधीवर अक्षर मोत्यासारखं उमटलं.

तेवढ्यात नवी चिंधी आली. "घोटाई म्हणजे काय हो?"

जुनी झळाळत म्हणाली, "हे अक्षर बघ, पोरी. फुटलंय का कुठं?"