काजूला किती चालवायचं

“पण आजी, कुत्र्याला रोज किती चालवावं, याचा काहीतरी नेम असेलच की नाही?”

तायडे मास्तर मठाच्या पायरीशी उभे राहून विचारत होते. बसले नव्हते. हल्ली ते कुठंच बसत नसत.

इंदुआजी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. काळी वस्त्रं, मुंडण केलेलं डोकं. महानुभाव पंथातल्या जुन्या तपस्विनी. मास्तरांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, त्यांच्याकडून उपदेश घेतलेला. मास्तरांनी मात्र आजवर कुणापुढं मान वाकवली नव्हती. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली. अर्ध्या गावाला ताठ उभं राहायला शिकवलेला माणूस तो.

“काहून? कोनी काही म्हटलं काय?”

“सगळेच म्हणतात. जनावरांचा डॉक्टर म्हणतो, पाय बरे होईपर्यंत दारातल्या दारात फिरवा. समोरच्या गुल्हाने वहिनी म्हणतात, सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत, संध्याकाळी टाकीपर्यंत, झालं. त्यांचं ते लठ्ठ पांढरं कुत्रं टाकीपर्यंतसुद्धा कडेवर बसून जातं! आणि त्या मला शिकवणार?”

आजी हसल्या.

“अन् तुमी कोठवर नेता?”

मास्तरांनी मान वर केली. मठामागून वाट चढत होती. सागाच्या रानातून थेट खिंडीत.

“तिथवर. कधी पलीकडच्या नाल्यापर्यंत. शिकारी कुत्री दिवसभर पळतात, आजी. कुत्र्याची जातच चालायची. बांधून घातलं की जनावर खंगतं.”

काजू त्यांच्या शेजारी उभा होता. तांबूस, गावठी, एक कान मुडपलेला. उभा म्हणजे काय, तर पुढचा एक पाय अधांतरी धरून. पंजे फाटले होते. पायरीवर ओले ठिपके पडले होते, ते पाण्याचे नव्हते.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कुत्रा मास्तरांचा नव्हे. तो हर्षलचा, त्यांच्या एकुलत्या एका पोराचा. हर्षल दर रविवारी त्याला घेऊन याच वाटेनं डोंगरात हुंदडायला जायचा. गेल्या थंडीत असाच एका रविवारी गेला. मंगळवारी काजू एकटाच परत आला. गळ्यातली दोरी जमिनीवर लोळत होती.

गावानं रान पालथं घातलं. वनखात्याची माणसं आली, पोलीस आले. चप्पल नाही, चिंधी नाही. शेवटी एकेक करून सगळे परतले, आपापल्या कामाला लागले. मास्तर तेवढे रोज जात राहिले. पुढं काजू, मागं मास्तर... असं ते सांगत.

“हा ओढतो मला,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला नाही कळायचं. खिंड आली की असा ओढतो... त्याला वास येतो. पोरगा कुठं आहे हे याला माहीत आहे, आजी. आज ना उद्या हा मला तिथं नेणार. पाय दुखतात, दिसतंय मला. मी काय आंधळा आहे? म्हणून तर विचारतो. थोडं... थोडं जास्त चालवलं तर चालेल ना?”

शेवटचं वाक्य बोलताना आवाज अगदी बारीक झाला.

आजींनी सूप बाजूला ठेवलं.

“हिकडं आना त्याले.”

काजू लंगडत गेला. आजींनी त्याच्या गळ्याखाली, पट्ट्याच्या आत बोटं घातली. तिथं दाट, मऊ केस होते. मग तीच बोटं त्यांनी पट्ट्याखालून मागं सरकवली, मानेवर.

काजूनं डोळे मिटून घेतले.

“तुमचा हात द्या, मास्तर.”

मास्तरांचं बोट धरून आजींनी ते मानेवर टेकवलं. मान मागच्या बाजूनं सोलली होती. केस गेलेले, कातडं ओलं.

जे कुत्रं पुढं ओढतं, त्याचा पट्टा गळ्यात रुततो; ज्याला ओढून न्यावं लागतं, त्याचा मानेत. मास्तरांनी पुन्हा गळा चाचपला. तिथला एक केस झडला नव्हता. पुन्हा मान. पुन्हा गळा.

“खिंडीत पुढं कोन असते, मास्तर?”

मास्तरांनी बोटं पट्ट्याखालून काढून घेतली.

“वत्सला काय म्हनते?”

“काही म्हणत नाही. तिनं त्याचे शर्ट धुतले, इस्त्री केली आणि पेटीत घातले. डांबराच्या गोळ्या टाकून.”

बायकोची चहाडी करावी तसं त्यांनी हे सांगितलं.

“म्हणजे याला काही माहीत नाही?”

आजी काजूच्या कानामागं चाचपत होत्या.

“हा शोधत नव्हता? एक दिवससुद्धा? मग इतके दिवस मी कुणाच्या मागं चाललो?”

आजींनी काजूच्या कानामागचा गोचीड काढून टाकला. तेवढंच.

मास्तरांना राग आला. त्यांनी पट्टा सोडला आणि अंगणात फेकून दिला.

“ठीक आहे. राहू द्या याला तुमच्याकडं. सांभाळा, औषध लावा, टाकीपर्यंत फिरवा. मी एकटा जातो.”

ते तरातरा वाटेला लागले. आजींनी काजूला धरलं नाही. हाकही मारली नाही.

मोहाच्या झाडापाशी पोचल्यावर मास्तरांनी मागं पाहिलं. काजू येत होता. तीन पायांवर. दहा पावलं यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा.

“जा! मागं फीर!”

काजू येतच राहिला.

मास्तरांनी दगड उचलला. “फिरतोस का नाही?”

काजूनं दगडाकडं पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडं. आणि शेपूट हलवली.

दगड हातातून गळून पडला. मास्तरांनी त्याला दोन्ही हातांवर उचललं आणि खाली आणलं.

“किती हलका झालाय हो हा...” पायरीशी येऊन ते म्हणाले. गल्लीतल्या कुणीतरी हे आधीच सांगितलं असतं, तर त्याच्याशी ते भांडले असते.

“बसा,” आजी म्हणाल्या.

मास्तर बसले. त्यांची पाठ भिंतीला टेकली मात्र, काजूनं त्यांच्या पावलावर मान टाकली आणि पडल्या जागी झोपला. कुणीतरी दिवसभराचं ओझं उतरवून घेतल्यासारखा.

आजींनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मास्तरांनी हात लावला नाही.

“मी थांबलो तर पोरगा गेला असं होईल, आजी. सगळे थांबले. त्याची आईसुद्धा थांबली. मी चालतोय तोवर तो कुठंतरी आहे. आहे ना?”

आजींनी तांब्या त्यांच्याकडं थोडा सरकवला.

ऊन खिंडीवरून उतरू लागलं. मास्तरांची नजर तिकडंच होती.

“आत्ता निघालो तर उजेड आहे तोवर नाल्यापर्यंत पोचेन,” ते स्वतःशीच पुटपुटले आणि उठण्यासाठी त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. नुसता ठेवला.

काजूचा कान हलला. डोळे उघडले. थरथरत तो पुढच्या पायांवर उभा राहू लागला.

मास्तरांनी हात काढून घेतला. काजू पुन्हा पसरला.

बऱ्याच वेळानं, श्वास रोखून, मास्तरांनी फक्त टाच मागं घेतली.

काजू उठला.

मास्तर तसेच बसून राहिले. ताठ माणूस, कमरेत मोडल्यासारखा दिसत होता. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडंतरी आज्ञा मागितली,

“आजी, मी जाऊ की नको? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

आजींनी सूप मांडीवर ओढलं आणि उरलेल्या तांदळातून बोटं फिरवू लागल्या.

“जा ना. कोन अडवते तुमाले? फकत याले कळू न देता उठा.”