घैसाससाहेबांचा मुक्काम

खाडीकाठच्या कांदळवाडीत सत्यवती तांडेल यांनी घराच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या आणि पाहुणे ठेवायचा परवाना मागितला. पाहणीला पर्यटन अधिकारी घैसाससाहेब सपत्नीक आले. दोन रात्री राहिले, खाडीत मनसोक्त डुंबले आणि तिसऱ्या सकाळी घावनांवर ताव मारून म्हणाले, "बाई, परवाना मिळणार नाही. तुमच्या गावात पर्यटकच नाहीत."

"माणसं तर रोज येतात, साहेब."

"ती संध्याकाळी परत जातात. त्यांना सहलकरी म्हणतात. पर्यटक म्हणजे घर सोडून येतो, निदान एक रात्र राहतो आणि तिथे कमाई करायला आलेला नसतो तो. व्याख्याच आहे तशी."

"मग तुम्हीच आमचे पहिले पर्यटक."

"छे, मी सरकारी कामावर आलोय."

"बरं. मग काय काम केलंत ते तुमच्या ऑफिसला कळवते. सकाळी पोहणं, दुपारी खेकडे, संध्याकाळी होडीतून फेरफटका."

घैसासवहिनींनी तोंडाला पदर लावला. साहेबांनी थोडा विचार केला, पेन काढलं आणि अहवालात लिहिलं, "गावात पर्यटक येतात. मुक्काम दोन रात्री. जेवणाबद्दल पर्यटक समाधानी. परवाना द्यावा."