गोंदाच्या ओट्याचा पाया

एका गावात गोंदा नावाचा भोळा गडी राहायचा. कामाला वाघ. पण सांगितलं तेवढंच करायचा, आणि अगदी तसंच.

एकदा त्याची बायको यमुना म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात आई येणार. तिला खाली बसवत नाही. परसात फळ्यांचा बुटका ओटा करा."

गोंदाने फळ्या जोडल्या आणि दिल्या मातीवर टाकून. आठ दिवसांत वाळवीने फराळ उरकला.

"लाकूड मातीला टेकवायचं नसतं!" यमुना करवादली. "खाली दगड द्यावा."

"बरं," गोंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने शेवग्याची फांदी लावायला दिली. गोंदाने दगड ठेवला, त्यावर फांदी उभी केली, सुतळीने कुंपणाला बांधली. चार दिवसांत फांदी वाळून काटकी झाली.

"अहो, हातभर खड्डा काढायचा, आत उभं करायचं, माती लोटून चोपायचं!"

"बरं."

संध्याकाळी माठ डुगडुगत होता. "तेवढा नीट बसवा," म्हणून यमुना विहिरीवर गेली. परत येते तो स्वयंपाकघरात खड्डा, खड्ड्यात खापऱ्या, आणि गोंदा वरून माती चोपतोय.

"डुगडुगणाऱ्या वस्तूखाली चुंबळ द्यायची हो! गवताची चुंबळ!"

हे मात्र गोंदाला फार पटलं. त्याने नव्या फळ्या आणल्या, ओटा जोडला आणि चारी कोपऱ्यांखाली चार गुबगुबीत चुंबळी दिल्या. शेजारच्या गाईने दुपारपर्यंत तीन खाल्ल्या. चौथीसाठी तिने ओटाच उलथला.

यमुना रडकुंडीला आली. आई यायला दहाच दिवस उरलेले. शेवटी तिने नरसू गवंड्याला बोलावलं. त्याने गोंदाला समोर बसवून सावकाश सांगितलं, "हे बघ, वजन पेलायचं तर पाया हवा. हातभर खण. मुरूम भर, पाणी मार, चोप. वर दगड बसव, भोवती सिमेंट भर. सात दिवस पाणी मारायचं. आणि सात दिवस वर कुणी बसायचं नाही."

गोंदाने तंतोतंत केलं. ओटा असा बसला की हत्तीलाही हलेना. यमुना पहिल्यांदा म्हणाली, "छान केलंत हो." गोंदाची छाती फुगली.

सासूबाई आल्या, ओट्याच्या कडेला पाय सोडून बसल्या. "काय सांगू जावईबापू," त्या कण्हल्या, "हे पाय आता वजन पेलत नाहीत. उभी राहिले की डुगडुगतात."

"एवढंच ना?" गोंदा म्हणाला, कुदळ घेऊन आला आणि त्यांच्या पायांशी हातभर खड्डा खणू लागला.

सासूबाईंना वाटलं, जावई मातीचा शेक देणार. त्यांनी कौतुकाने दोन्ही पाय खड्ड्यात सोडले.

यमुना चहा घेऊन बाहेर आली. आई पोटऱ्यांपर्यंत मुरुमात. भोवती ओलं सिमेंट. गोंदा थापी फिरवतोय.

"अहो! हे काय?"

"पाया घातला," गोंदा घाम पुसत म्हणाला. "सात दिवस पाणी मारतो. तू फक्त लक्ष ठेव, तोवर आईंच्या अंगावर कुणी बसायचं नाही."