एका बोटानं दोन कळा

"मास्तर, एका बोटानं दोन कळा एकदम कशा दाबायच्या?"

सिद्राममास्तर बाकावर आडवे झाले होते. डोळ्यांवर ओला पंचा. सोलापूरची भर दुपार, शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि आत भिंतीला लागून सगळे कॉम्प्युटर बंद.

"नाही दाबता येत," ते म्हणाले.

मास्तर झोपेत बडबडले असं सुमेधला वाटलं. त्यानं तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला.

"ऐकलो की रे. नाही येत म्हणालो."

सुमेध खुर्ची ओढून बसला. त्याच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट सुजलं होतं आणि त्याला बामचा वास येत होता. डोळे लाल. किती रात्री नीट झोप नव्हती कोण जाणे. खरं सांगायचं तर तो इतका दमला होता की मास्तरांनी तिथंच झोप म्हटलं असतं तर झोपला असता.

पण झोपून कसं चालेल? रविवारी पुण्यात फायनल होती.

हा सुमेध म्हणजे मास्तरांचा पट्टशिष्य. निदान त्याचं स्वतःचं तरी तसंच म्हणणं होतं. आणि मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. बाजारामागच्या बोळात त्यांचं गेमिंगचं दुकान. बंदुकीच्या खेळातली मोठी स्पर्धा त्यांनी एकदा जिंकली, आणि तेव्हापासून गावोगावची पोरं त्यांच्याकडे शिकायला यायला लागली. खेळ असा, की पडद्यावरच्या माणसाच्या डोळ्यांनी आपण बघतो, दिसते फक्त त्याची बंदूक आणि त्याचे हात. समोर सगळा मुलूख, आणि त्या मुलखात जो आधी दिसला तो मेला. चालणं, बसणं, उडी मारणं, गोळ्या भरणं, सगळं कीबोर्डवर. कुठली कळ कशाला लावायची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता जगभरची पोरं खाली बसायला कोपऱ्यातली कंट्रोलची कळ दाबतात, करंगळीनं. मास्तर मात्र खाली बसायला दाबायचे इंग्रजी 'जी' अक्षराची कळ, अंगठ्याशेजारच्या बोटानं. आणि करंगळी वर, हवेत.

झालं! पोरांनी ते उचललं. दुकानात ओळीनं बसलेली पोरं करंगळ्या वर करून खेळायची. बाहेरचे खेळाडू चेष्टा करायचे, "काय बे, लघवीला जायला मास्तरची परवानगी काढायलास का?" सुमेधनं कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट करंगळी आणखी ताठ धरली.

अडचण आत्ता आत्ता कळली. उजवीकडे सरकायची कळही त्याच बोटाकडे होती. आणि या खेळात बसायची कळ दाबून धरली तरच माणूस बसतो, सोडली की उभा. म्हणजे भिंतीआड बसून, बसल्या बसल्या उजवीकडे डोकवायचं म्हटलं, की एकाच बोटाला दोन कामं. सुमेध उजवीकडे सरकायचा तो उभ्यानंच, आणि सरळ कपाळात गोळी.

पुण्याच्या पोरांनी हे बरोबर हेरलं. सरावाच्या सामन्यात तो भिंतीच्या उजव्या अंगाला आला रे आला, की त्यांच्या बंदुका डोक्याच्या उंचीवर तयारच. एकदा नाही, दर वेळी.

सकाळीच त्याच्या टीममधली पोरं म्हणाली होती, "कळा बदल, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो." डिप्लोमा अर्धवट सोडून तो या खेळामागं लागला होता. रविवारी टीममध्ये जागा नसेल, तर घरी कुठल्या तोंडानं जायचं?

कळा मात्र त्यानं बदलल्या नाहीत. मास्तरांच्या कळा त्या! त्याला पक्कं वाटत होतं, की एका बोटानं दोन्ही साधायची काहीतरी युक्ती मास्तरांकडे आहे आणि ती त्यांनी अजून दिलेली नाही.

"मग तुम्ही बसून उजवीकडं कसे डोकावता?" त्यानं विचारलं.

"डोकावत नाही."

"म्हणजे?"

"डावीकडनं जातो. लांबनं वळसा घालून."

"दर वेळी?"

"दर वेळी."

पंखा गरगरत होता, वारा मात्र येत नव्हता. सुमेधच्या डोक्यात तिडीक गेली.

"मास्तर, चार वर्षं झाली मला इथं. शेवटची गोष्ट गुरू हातची राखून ठेवतात, कळतं मला. ठेवा की! पण रविवार आलाय. माझी जागा चाललीय. आता तरी सांगा."

मास्तर उठून बसले. गुडघे कुरकुरले. पंचा त्यांनी खांद्यावर टाकला.

मग त्यांनी डावा हात पुढं केला.

"हे बघ."

करंगळीचं टोक किंचित वाकडं होतं.

"शटर पडलं होतं यावर. मोडलं. स्पर्धा तोंडावर आलेली आणि बोट प्लास्टरात. बसायचं कशानं? म्हणून ते काम या बोटाला दिलो. नाइलाज होता."

सुमेध हसला. दमलेल्या माणसाला येतं तसलं कोरडं हसू.

"हे तुम्ही दिवाळीतपण म्हणाला होता मास्तर."

"म्हणालो होतो की. तेव्हापण तू असाच हसलास."

"मला वाटलं..."

"मास्तर लहानपण घ्यायलेत. हेच वाटलं ना?"

सुमेध आपल्या सुजलेल्या बोटाकडं बघायला लागला.

"आणि बाहेर जाऊन पोरांना काय सांगितलास?"

सुमेधनं मान खाली घातली. काय सांगितलं होतं ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. नव्या पोरांना ओळीनं बसवून तोच तर ते समजावायचा, मोठ्या चवीनं. करंगळी मोकळी सुटली, की मनगट मोकळं. मनगट मोकळं, की नेम पक्का. कुणी शंका काढली, तर म्हणायचा, तुला आत्ता नाही कळायचं.

"नेम तर उजव्या हातानं धरतात रे," मास्तर म्हणाले.

...

सुमेधला लाज वाटली. पण लाजेच्या तळाशी थोडा धीरही होता. मास्तरांचं बोट अधू, म्हणून ते तसे खेळतात. ठीक आहे. त्यात अपमान काय?

"म्हणजे ते अजून वाकत नाही?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

मास्तर उठले, जवळचा कॉम्प्युटर चालू केला आणि त्याच्यापुढं बसले. खेळ उघडला. कळा बदलायच्या पानावर गेले आणि सगळ्या कळा मूळच्या जागी आणायचं बटण दाबलं. वर्षानुवर्षं पोरांनी जपलेली मांडणी एका क्षणात पुसली गेली. सुमेधच्या तोंडून "अहो, अहो!" निघून गेलं.

मास्तर खेळायला लागले.

त्यांची करंगळी खाली आली आणि कोपऱ्यातल्या कळेवर टेकली. पडद्यावरचा माणूस भिंतीआड बसला. बसल्या बसल्या उजवीकडे सरकला, डोकावला, गोळी झाडली आणि परत आड झाला. पुन्हा सरकला, पुन्हा गोळी. ना घाई, ना धडपड. बोट चाचपडत नव्हतं, अडखळत नव्हतं. रोजच्या सवयीचा हात दिसत होता.

सुमेध खुर्चीवर पुढं सरकला.

"कधी बरं झालं?"

"प्लास्टर निघालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत."

"आणि आमच्यासमोर तुम्ही...?"

"तुमच्यासमोर तसंच. तुम्ही नसता तेव्हा असं."

"का पण मास्तर? का?"

मास्तरांनी खेळ तसाच सोडून दिला. पडद्यावर कुणीतरी त्यांच्या माणसाला मारलं, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"प्लास्टर निघाल्यावर, बोट वाकायच्या आत तुम्ही आला होतात," ते म्हणाले. "कुणी बार्शीहून, कुणी अक्कलकोटहून. उन्हातान्हातनं. आल्या आल्या बोट वर करून बसायचात. एकदा मी खाली टेकवलो, तर सगळे खेळायचं सोडून माझ्याकडं बघायला लागले. कुणी काही बोललं नाही. पण एकेकाचं तोंड असं झालं होतं, की काय सांगू..."

त्यांनी करंगळीकडं पाहिलं.

"मग परत वर केलो."

"सांगायचं तरी!"

"दिवाळीत सांगितलो की."

आता हसायला जागाच नव्हती.

मास्तर करंगळी दुसऱ्या हातात धरून हळूहळू चोळत होते. "संध्याकाळी तुम्ही गेलात, की हे ठणकायला लागतं," ते म्हणाले. "मोडलं होतं म्हणून नाही. ते केव्हाच जुळलं. दिवसभर वर धरून धरून ठणकतं. लई कंटाळा आलाय रे सुमेध."

सुमेधला त्यांचा राग आला. मग कीव आली. मग दोन्ही गेलं आणि नुसता शिणवटा राहिला. चार वर्षं! कॉलेज सोडलं, आईशी भांडला, टीममधल्या पोरांना अडाणी म्हणाला. कशासाठी? एका शटरखाली सापडलेल्या बोटासाठी.

मास्तर उठले आणि बाकावर जाऊन पुन्हा आडवे झाले. भिंतीकडं तोंड करून.

रिकाम्या खुर्चीवर सुमेध बसला. पडदा उजळलेलाच होता. त्यानं डावा हात कीबोर्डवर ठेवला. चार बोटं आपापल्या जागी गेली. करंगळी वरच.

त्यानं ती खाली घेतली. कोपऱ्यातल्या कळेवर टेकवली. पडद्यावरचा माणूस बसला. आता उजवीकडे सरकायची कळ दाबली मात्र, करंगळी आपसूक वर गेली आणि माणूस उभा राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उजव्या हातानं दाबून धरली, तर नुसती थरथरायला लागली. मोडलं होतं मास्तरांचं बोट, वाकत नव्हतं याचं.

रविवार काही लांब नव्हता. चार वर्षांचं वळण तेवढ्यात सुटेल? आणि नाही सुटलं तर? जुन्या कळांवर गेला तर पुण्याची पोरं उजव्या अंगाला टपून बसलेली. नव्यांवर गेला तर स्वतःचाच हात वैरी. त्याला रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

बोळात कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. ती काही सुरू होईना.

"मास्तर..."

"हं."

"रविवारी मी कुठल्या कळा लावू? जुन्या ठेवू, का ह्या?"

भिंतीकडं तोंड करून निजलेले मास्तर हलले नाहीत. झोप लागली असावी, असंच सुमेधला वाटलं...

"अजून मलाच विचारायलास?"