पिंगलेचा उपचार

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पशुवैद्याच्या कुळात जन्मले होते. त्याच नगरात वसुदत्त नावाचा कापडाचा व्यापार करणारा श्रेष्ठी राहत असे. पत्नी वारल्यापासून घरी त्याची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते, होती ती पत्नीने पाळलेली पिंगला नावाची कुत्री. दाराशी त्याची पावले वाजली, की ती म्हातारपणीही धावत येई.

एका हिवाळ्यात पिंगलेने अन्न टाकले. बोधिसत्त्वांनी तिचे पोट चाचपले आणि ते म्हणाले, "श्रेष्ठी, आत गाठ आहे. ती जाणार नाही. वेदना कमी करणारे औषध देतो. तिला उन्हात, तुमच्याजवळ असू द्या."

"खर्चाकडे पाहू नका, वैद्यराज. हवे तेवढे घ्या."

"खर्च तुम्ही कराल, पण सोसावे तिला लागेल."

वसुदत्ताला हे बोलणे लागले. घरात सोने असताना जीव असा जाऊ द्यायचा? नदीकाठचा मळा विकून त्याने दूरच्या नगरातला नावाजलेला वैद्य आणवला. पिंगलेला खांबाला बांधून डाग दिले, शस्त्र चालवले, कडू काढे घशात ओतले. तिचे तोंड वसुदत्त स्वतः धरी. "थोडं सोस, बाळ," तो म्हणे, "बरी होशील."

मग त्याची पावले वाजली, की ती धान्याच्या कणगीमागे लपू लागली. तिथेच एका सकाळी ती मेलेली सापडली.

वसुदत्त बोधिसत्त्वांकडे गेला. "वैद्यराज, मी काही कमी केलं का?"

"नाही. कमी काहीच केलं नाहीत."

वसुदत्त अंगणातच खाली बसला. "रिकामं घर माझ्याने बघवणार नव्हतं," तो म्हणाला, "म्हणून मी तिला जाऊ दिलं नाही. शेवटी ती मलाच भ्यायली हो."

बोधिसत्त्वांनी त्याची समजूत घातली नाही. ऊन कलेपर्यंत ते त्याच्या शेजारी बसून राहिले.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वसुदत्त म्हणजे आजाऱ्याला 'काय हवे?' असे विचारून मगच हात लावणारा, इथे बसलेला हा वृद्ध भिक्षू. ज्याने काल याच्या मांडीवर शांतपणे प्राण सोडला, तो याचा शिष्य तेव्हा पिंगला होता. आणि तो पशुवैद्य मीच. करुणेला प्रज्ञेचे डोळे नसले, तर ती दुसऱ्याच्या देहावर आपल्याच दुःखाचा इलाज करीत राहते. त्या जन्मात मी जी पाळली, ती प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता होय."