ओव्याच्या धुरीने दाखवलेली फट

वर्षे कुणी मोजली नाहीत इतक्या जुन्या काळी एका डोंगरी राज्यात एक तीन मजली दगडी घर होते. त्यात बारा कुटुंबे राहत. जिना सगळ्यांचा एकच, थंडी मात्र ज्याची त्याने सोसायची.

मधल्या मजल्यावर बिरू नावाचा घोंगड्या विणणारा राहत असे. त्या हिवाळ्यात त्याची लेक ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. नात आठ दिवसांची झाली तरी तिचे पाय काही केल्या गरम होईनात, आणि बिरूच्या जिवाला घोर लागला.

त्याने चुलीत लाकडे वाढवली. खोली तापेना. आणखी वाढवली. तोंड भाजायचे आणि पाठ गारठायची. खिंडीतली वाट बर्फाने बंद होती, नवी लाकडे येणार कुठून? बिरू घडोघडी उठून बाळाच्या तळपायाला हात लावी आणि उरलेल्या ढिगाकडे बघे.

शेवटी त्याने मागाचा एक दांडा उपसला आणि चुलीत घातला.

"आबा, माग जाळलात तर खायचं काय?" ठकू कळवळली.

"आधी ही जगू दे. खायचं मग बघू."

त्याने दुसऱ्या दांड्याला हात घातला, तोच बाळाला न्हाऊ घालायला तळमजल्यावरची सुईण म्हाळसाआजी आली. न्हाणे झाल्यावर तिने शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला. पण धुरी वर जाईना. दाराकडून आडवी झाली आणि थेट चुलीकडे पळाली.

"बिरू, ह्या धुराला कोण ढकलतंय बघ."

"आजी, विस्तव कमी पडतोय."

"कमी? अरं, जास्त झालाय! तुझी चूल ऊब धुराड्यातनं बाहेर फेकती, अन् तिची जागा भरायला बाहेरचा गारठा आत घुसतोय. जाळशील तितका येईल."

बिरूला पटेना. आजीने शेगडी उचलून भिंतीच्या कडेकडेने फिरवली. दाराखाली धूर थरथरला. खिडकीच्या चौकटीशी उलटा फिरला. धूर हलला तिथे तिथे फट होती.

"बुजवायला काय आणू?" बिरूने घाईने विचारले.

"पायाखाली बघ की."

पायाखाली पिंजून उरलेली लोकर पडली होती. राज्यभर ऊब पुरवणारा हा शहाणा माणूस ती दर आठवड्याला खिडकीतून खाली फेकत असे.

दोघांनी फटींत लोकर ठासली आणि वरून शेणमाती लिंपली. ठकूने जुन्या घोंगडीची लांब पिशवी शिवली, तिच्यात भुसा भरला आणि ती दाराच्या बुडाशी लावली. भ्यालेला बिरू धुराडेही बुजवायला निघाला, तेव्हा आजीने त्याचे मनगट घट्ट धरले.

"ते नको! धूर कोंडला तर लेक अन् नात, दोघींना मुकशील."

बिरूने हातातला लोकरीचा बोळा खाली टाकला.

संध्याकाळी दाराखालून येणाऱ्या वाऱ्याची वर्षानुवर्षांची शीळ थांबली. त्या शांततेनेच बिरू दचकला. त्याने धावत जाऊन बाळाच्या नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता. त्याने तळपाय चाचपले. ते उबदार होते. बिरू तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला.

थोड्याच लाकडांत हिवाळा निघाला. उरलेल्या अकरा कुटुंबांतली माणसे लोकर मागायला आली आणि बिरूने ती सगळ्यांना वाटली. पण जळालेला दांडा काही परत आला नाही. सुतार खिंडीपलीकडे राहत होता, त्यामुळे वाट उघडेपर्यंत माग बंद राहिला. राज्याला घोंगड्या पुरवणाऱ्या बिरूची नात तिच्या पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या जुन्या घोंगडीत निजली.

म्हणून लहानथोरांनो, विस्तव वाढवण्याआधी फट शोधावी.